प्रथम वर्षाचे भाडेकरू



महामारी आली असता विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना जवळ बोलवावे की दूर पाठवावे, हा प्रश्न इंग्लंडात फार जुना आहे. १६६५ साली प्लेग आला तेव्हा केंब्रिजने आपली मुले घरी धाडली. त्यांत आयझॅक न्यूटन होता. हा न्यूटन १६६१ साली ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तो ‘सायझर’ म्हणून. म्हणजे इतरांची हलकीसलकी कामे करून आपल्या जेवणखाणाचा खर्च भागविणारा विद्यार्थी म्हणून. प्लेगच्या काळात वुल्सथॉर्पच्या घरी त्याने जो काळ काढला, त्याची कीर्ती पुढे जगभर झाली आणि सफरचंदाची गोष्ट तर शाळेतल्या पोरासही ठाऊक आहे. मला त्या प्रसंगातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. मुले घरी गेली तर आपले दिवाळे वाजेल, अशी धास्ती त्या वेळच्या कॉलेजांना नव्हती. त्यांचे पोट मुख्यतः जमिनीच्या उत्पन्नावर चालत होते. विद्यार्थी असो वा नसो, खंड येत होता.

आता २०२० सालाकडे या. ह्या वेळी साथ कोविडची होती. मार्चमध्ये ब्रिटनमध्ये टाळेबंदी झाली, विद्यापीठांनी वर्ग बंद केले, पुष्कळ मुले घरी गेली. येथपर्यंत १६६५ चीच पुनरावृत्ती. पण सप्टेंबर उजाडला, साथीची दुसरी लाट वर चढू लागली होती, आणि नेमक्या त्याच वेळी लाखो तरुण मुलामुलींना घरातून उठवून वसतिगृहांत बोलावण्यात आले. पुष्कळांची व्याख्याने तर खोलीतल्या पडद्यावरच व्हावयाची होती. केंब्रिजने मे महिन्यातच जाहीर केले होते की, येत्या वर्षभर मोठी व्याख्याने समोरासमोर होणार नाहीत. मग मुलांना बोलावले कशासाठी? ह्या एका प्रश्नाचा माग काढावयाचा, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

मी विद्यापीठात शिकलेला मनुष्य नाही. माझे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, गेटसभा आटोपल्यावर. विद्यापीठाशी माझा संबंध आला तो तेथल्या सफाई कामगारांच्या पगाराच्या निमित्ताने. त्यामुळे ह्या विषयाकडे मी पाहणार ते अभ्यासक्रमाच्या बाजूने नव्हे, तर भाड्याच्या पावतीच्या बाजूने. कदाचित ह्या बाजूने तो अधिक स्पष्ट दिसेल.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. इंग्लंडात १९६२ च्या शिक्षण कायद्याने असे ठरले होते की, पूर्ण वेळ पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालेल्या मुलाची फी स्थानिक सरकारने भरावी आणि त्याच्या घरची परिस्थिती पाहून त्याला निर्वाहासाठी अनुदानही द्यावे. गिरणीकामगाराचा, खाणकामगाराचा मुलगा ह्या वाटेने विद्यापीठात गेला. १९९० साली निर्वाहासाठी कर्जाची पद्धत सुरू झाली. १९९८ साली १००० पौंडांची फी आली. २००६ साली ती ३००० पर्यंत चढली, २०१२ साली ९००० पर्यंत आणि २०१७ साली ९२५० पर्यंत. २०१६ पासून नव्या विद्यार्थ्यांचे निर्वाह अनुदानही बंद झाले आणि त्या जागी अधिक कर्ज आले. ह्याच काळात आणखी एक गोष्ट झाली, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कोणत्या विद्यापीठाने किती मुले घ्यावीत ह्यावर पूर्वी सरकारची मर्यादा असे. ती २०१५ साली उठविण्यात आली. जितकी मुले तितके पैसे. विद्यापीठांची आपसांत स्पर्धा लागली, आणि मुले ओढून आणावयाची तर नव्या इमारती हव्यात, झकपक वसतिगृहे हवीत, म्हणून कर्जे काढली गेली. खासगी बांधकाम कंपन्या ह्या धंद्यात उतरल्या. विद्यार्थ्यांची खोली हा पैसा गुंतविण्याचा एक खात्रीचा प्रकार होऊन बसला. आणि खात्री कसली, तर दरवर्षी सप्टेंबरात नवी अठरा वर्षांची पिढी येणारच, ह्याची.

इंग्रजी विद्यापीठांच्या वसतिगृहांत राहतात ते मुख्यतः पहिल्या वर्षाचे विद्यार्थी. दुसऱ्या वर्षी चार-पाच मित्र मिळून गावात घर भाड्याने घेतात. पहिल्या वर्षी मात्र मूल नवे, शहर नवे. म्हणून पुष्कळ विद्यापीठे प्रथम वर्षाला खोलीची हमी देतात. हमी देतात ती ठरलेल्या तारखेपर्यंत प्रवेश नक्की करणाऱ्याला. म्हणजे प्रवेशाची नोंदणी आणि खोलीचा करार ही एकाच गाडीची दोन चाके. एक निखळले की दुसरेही गेले.

ते चाक २०२० च्या ऑगस्टमध्ये कसे निखळले, ते पाहण्यासारखे आहे. मार्चमध्येच शिक्षणमंत्री गॅव्हिन विल्यमसन यांनी शालान्त परीक्षा रद्द केल्या. परीक्षा नाही, तर गुण कसे द्यावयाचे? प्रथम शिक्षकांना सांगितले की, हे मूल परीक्षेस बसले असते तर त्याला कोणती श्रेणी मिळाली असती ते लिहा आणि वर्गातल्या मुलांचा क्रमही लावा. ह्यावर ऑफक्वाल ह्या नियामक संस्थेने एक गणिती सूत्र चालविले. त्या सूत्राचे हृदय हे की, त्या शाळेचे मागील तीन वर्षांचे निकाल जसे होते, तसेच ह्या वर्षीचे असावेत. म्हणजे शाळेचा इतिहास हाच मुलाचा निकाल. ज्या शाळेत गेल्या तीन वर्षांत कोणाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, त्या शाळेतल्या हुशार मुलीने ती मिळवावयाची म्हणजे सूत्राच्या दृष्टीने अशक्य गोष्ट. उलट एखाद्या विषयाला पाचच विद्यार्थी असतील तर एवढ्या लहान संख्येवर सूत्र चालत नाही, म्हणून तेथे शिक्षकाने दिलेली श्रेणी जशीच्या तशी ठेवली गेली. आता विषयाला चार-पाचच मुले असणारे वर्ग कोठे असतात? भारी फी घेणाऱ्या खासगी शाळांत. सरकारी कॉलेजात तोच विषय तीस-चाळीस मुले घेऊन बसलेली असतात.

स्कॉटलंडचा निकाल ४ ऑगस्टला लागला. तेथे सुमारे सव्वा लाख श्रेणी खाली आणल्या गेल्या होत्या. ‘हायर’ परीक्षेत सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांचे उत्तीर्ण होण्याचे प्रमाण शिक्षकांच्या अंदाजाहून १५.२ टक्क्यांनी उतरविले, सर्वांत सुखवस्तू वस्त्यांत ६.९ टक्क्यांनी. आठवड्याच्या आत, ११ ऑगस्टला, स्कॉटिश सरकारला ते मागे घ्यावे लागले. इंग्लंडात १३ ऑगस्टला निकाल लागला तो हे सर्व डोळ्यांसमोर घडल्यानंतर. तरीही शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी शेकडा ३९ खाली आल्या. मुले शिक्षण खात्याच्या दारात निदर्शने करू लागली. चार दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने सूत्र मागे घेतले आणि शिक्षकांची श्रेणी मान्य केली. पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी पुढे एका शाळेत मुलांसमोर सूत्रालाच दोष दिला; जणू ते सूत्र आपोआप कोठून तरी जन्माला आले होते! यंत्र बिघडले म्हणून पगार कापला गेला, असे सांगणारे व्यवस्थापक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. यंत्राला कोणी काय करावयास सांगितले होते, हे मात्र ते सांगत नाहीत.

पण चार दिवसांत काय झाले होते पाहा. १३ तारखेला ज्यांचे गुण कापले गेले, त्यांच्या जागा गेल्या. काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतला. १७ तारखेला गुण परत आले, पण जागा भरलेल्या. साथीमुळे सरकारने त्या वर्षापुरती प्रवेशसंख्येवर तात्पुरती मर्यादा घातली होती, तीही त्याच दिवशी उठविली. आता मोठ्या नावाच्या विद्यापीठांकडे लोंढा वळला. डरहॅमसारख्या ठिकाणी तर मुलांनी एक वर्ष थांबावे म्हणून पैसे देऊ केले गेले. आणि लहान विद्यापीठे जागा रिकाम्या राहतील म्हणून काळजीत पडली. वर्षअखेर ब्रिटनभर मिळून सुमारे ५ लाख ७० हजार जणांना प्रवेश मिळाला. हा तेव्हाचा उच्चांक होता. महामारीच्या वर्षी उच्चांक! विद्यापीठांच्या खजिनदारांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, तर त्यांना दोष देता येत नाही. सरकारने त्यांना असे कोठेही सांगितले नव्हते की, खोल्या रिकाम्या राहिल्या तर तूट आम्ही भरून देऊ. कुलगुरूंची अडचण खरी होती. पण त्या अडचणीचा भार कोणाच्या शिरावर ठेवला गेला, हा माझा प्रश्न आहे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मुलांनाही जावयाचे होते. सहा महिने घरात कोंडलेली अठरा वर्षांची पोरे ती. कोणाच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, कोणाच्या घरी तारेचे जोडणे धड नाही, कोणाला घरच नाही. तेव्हा वसतिगृहे बंदच ठेवावयास हवी होती, असे सरसकट म्हणणे सोपे आहे, बरोबर नाही. पण त्यांना खरे सांगून बोलावणे वेगळे आणि ‘थोडे पडद्यावर, थोडे समोरासमोर’ असे गोड बोलून बोलावणे वेगळे. विद्यापीठ व कॉलेज शिक्षकांच्या युनियनने ऑगस्टच्या अखेरीसच बजावले होते की, देशभरातून मुले अशी हलविली तर साथ भडकेल. वर्ग घरूनच घ्या. २१ सप्टेंबरला सरकारच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांच्या समितीने, ‘सेज’ने, सल्ला दिला की, अगदी आवश्यक तेवढे सोडून विद्यापीठांचे सर्व अध्यापन पडद्यावर न्यावे. तो सल्ला सरकारने त्या वेळी अमलात आणला नाही, आणि लोकांना तो वाचावयास मिळाला १२ ऑक्टोबरला. तोवर मुले खोल्यांत पोचली होती, करारावर सह्या झाल्या होत्या आणि पहिला हप्ता बहुतेक ठिकाणी वसूल झाला होता किंवा होण्याच्या बेतात होता.

पहिला स्फोट ग्लासगोत झाला. शहराच्या उत्तरेकडे मेरीहिल भागात मुरानो स्ट्रीट नावाची ग्लासगो विद्यापीठाची विद्यार्थी वसाहत आहे. सत्र सुरू होते न होते तोच शंभरावर विद्यार्थ्यांना लागण झाली आणि सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात सुमारे ६०० जणांना खोल्यांत अलग राहावे लागले. सरकारी नियमाप्रमाणे एका फ्लॅटमध्ये राहणारे सर्वजण म्हणजे ‘एक कुटुंब’. कालपर्यंत एकमेकांचे नावही माहीत नसलेली ही मुले. एक स्वयंपाकघर, सामाईक न्हाणीघर, आणि एकाला ताप आला की सर्व अडकले. चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावयास नको. २४ सप्टेंबरला स्कॉटलंडच्या विद्यापीठांनी एकत्र पत्रक काढून सांगितले की, त्या आठवडाअखेरीस मुलांनी दारूच्या गुत्त्यांत वा हॉटेलांत जाऊ नये, आपल्या ‘कुटुंबा’बाहेर कोणात मिसळू नये, आणि नियम मोडणाऱ्यासाठी फुटबॉलच्या पंचाप्रमाणे पिवळे कार्ड, लाल कार्ड अशी शिक्षेची भाषा केली. त्याच गावातली इतर प्रौढ माणसे त्या दिवशी गुत्त्यात जाऊ शकत होती. ग्लासगो विद्यापीठाने, एवढे खरे की, लवकर शहाणपण दाखविले: चार आठवड्यांचे भाडे परत केले आणि अन्नासाठी ५० पौंड दिले.

ग्लासगो आणि भाडे हे दोन शब्द एकत्र आले की कामगार चळवळीच्या माणसाला १९१५ आठवल्याशिवाय राहत नाही. पहिल्या महायुद्धात क्लाइड नदीकाठच्या गोदीकारखान्यांत कामगारांची रीघ लागली, खोल्या अपुऱ्या पडल्या आणि घरमालकांनी भाडी चढविली. गोव्हन भागात मेरी बार्बर ह्या बाईने शेजारणी जमविल्या. मालकाचा माणूस जप्तीला आला की जिन्यात बायांची गर्दी, हातात घंटा आणि भांडी. नोव्हेंबरपर्यंत सुमारे वीस हजार कुटुंबांनी वाढीव भाडे बंद केले. १७ नोव्हेंबरला भाडेकरूंवर खटले उभे राहिले तेव्हा गोदीतले कामगार काम टाकून कचेरीवर चालून आले. आणि त्याच डिसेंबरात पार्लमेंटला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. आपल्या मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा १९१८ साली आला, तोही युद्धाच्याच महागाईने. मेरी बार्बर यांचा पुतळा २०१८ साली गोव्हनमध्ये उभा राहिला. ग्लासगो विद्यापीठाची टेकडी तेथून नदीच्या पलीकडेच आहे. मुरानो स्ट्रीटच्या किती मुलांना ही हकीगत ठाऊक होती, कोण जाणे. त्यांच्या आधीची ताजी आठवण होती ती लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची. २०१६ साली तेथील विद्यार्थ्यांनी भाडे बंद करून सवलती मिळविल्या होत्या.

ग्लासगोच्या बातमीला दोन दिवस होत नाहीत तोच मँचेस्टर मेट्रोपोलिटन विद्यापीठात २५ सप्टेंबरच्या सायंकाळी दोन वसतिगृहांतल्या सुमारे १७०० मुलांना निरोप आला: ह्या क्षणापासून चौदा दिवस बाहेर पडावयाचे नाही. शुक्रवारची संध्याकाळ, घरात दूध नाही, पाव नाही, दारात पहारेकरी. मुलांनी खिडक्यांच्या काचांवर कागद चिकटवून हे तुरुंग आहे काय, असे जगाला विचारले; आणि नऊ हजार पौंड कशासाठी भरले, असेही. वकिलांनी प्रश्न केला की, हे कोणत्या कायद्याने? तेव्हा विद्यापीठाला सांगावे लागले की, आम्ही मुलांना बाहेर पडण्यापासून अडवू शकत नाही, ती आत राहतील अशी आमची अपेक्षा आहे. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या लोकांनी घरझडत्या सोसल्या, त्यांना हुकूम तरी दाखविता येत होता, कारण त्यामागे कायदा होता, मग तो कसाही असो. येथे कायदा नव्हता; होता तो घरमालकाचा दरारा. दोन आठवड्यांचे भाडे पुढे माफ झाले. त्या दारातल्या पहारेकऱ्यांविषयी आणि संडास धुणाऱ्या बायांविषयी वर्तमानपत्रांत फारसे आले नाही. लागण झालेल्या इमारतीत रोज आत-बाहेर करणारी माणसे तीच होती.

आता फॅलोफील्डची हकीगत. मँचेस्टर विद्यापीठाची मोठी वसतिगृहे ह्या भागात आहेत. इंग्लंडची दुसरी टाळेबंदी ५ नोव्हेंबरला सुरू झाली. त्या दिवशी सकाळी मुले उठून पाहतात तो इमारतींभोवती उंच लोखंडी कुंपण उभे राहत आहे. आधी सांगणे नाही, विचारणे नाही. कुंपणाचा हेतू बाहेरच्यांना आत येऊ न देण्याचा होता, असे नंतर सांगण्यात आले. असेलही. पण आत असलेल्याला कुंपण हे नेहमी आतूनच दिसते. त्या रात्री शेकडो मुलांनी ते ढकलून आडवे केले. कुलगुरू नॅन्सी रॉथवेल यांनी क्षमा मागितली आणि कुंपण निघाले.

कुंपण पाडणे ही एका रात्रीची गोष्ट. कोणताही जमाव चिडला की ते करतो. मला महत्त्वाचे वाटते ते त्याच्या आधीपासून तेथे चाललेले दुसरे काम: भाडेबंदी. ती कशी चालते हे सांगतो. इंग्लंडात विद्यार्थ्याचे निर्वाहकर्ज वर्षातून तीन हप्त्यांनी, सत्राच्या आरंभी त्याच्या बँकेत जमा होते आणि त्याच सुमारास वसतिगृहाचा हप्ता त्याच्या खात्यातून आपोआप वळता होतो. पैसा सरकारकडून येतो, मुलाच्या खात्याला हात लावतो आणि विद्यापीठाकडे जातो. म्हणजे मुलगा हा केवळ नळ. तर नळ बंद करावयाचा. बँकेला दिलेली वळतीची सूचना ठरलेल्या तारखेच्या आत रद्द करावयाची. पण एकट्याने नव्हे, शेकडोंनी एका वेळी. एकट्याने केली तर ती थकबाकी, हजारांनी केली तर ती वाटाघाट. इतकी साधी गोष्ट आहे ही, आणि प्रत्येक पिढीला ती नव्याने शोधून काढावी लागते.

ह्या मुलांपाशी बळ कोठून आले, ह्याचा मी विचार केला आहे. गावात विखुरलेल्या घरमालकांकडे राहणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे साधणे कठीण होते. त्यांचे मालक शंभर, करार शंभर तऱ्हेचे. प्रथम वर्षाचा मालक एक, करारनामा एक, हप्त्याची तारीख एक. गिरणीत खाते एक, पगाराचा दिवस एक, म्हणून तेथे युनियन उभी राहिली. किरकोळ दुकानातल्या नोकरांत ती उभी करता करता आमच्यासारख्यांचे केस पिकले. विद्यापीठांनीच ह्या मुलांना एका छपराखाली आणून, एकच पावती हाती देऊन आणि वर कोंडून घालून संघटित केले! मुले एकमेकांना दारे ठोठावून भेटू शकत नव्हती, तर फोनवरच्या गटांतून बोलली. मागण्या लिहून काढल्या, प्रतिनिधी निवडले, किती जण सामील आहेत त्याची मोजदाद ठेवली. भाडे थकले म्हणून पदवी अडविता येईल काय, ही भीती होतीच. पण २०१४ साली तेथील न्याय्य व्यापार कार्यालयाने सांगून ठेवले होते की, खोलीच्या बाकीसाठी शिक्षणावर गदा आणणे हा ग्राहक कायद्याचा भंग ठरू शकतो. हे कोणीतरी शोधून काढले आणि सर्वांना कळविले. असा कायदा वाचणारा एकजण प्रत्येक लढ्यात लागतो.

१२ नोव्हेंबरला काही मुलांनी फॅलोफील्डमधील ओवेन्स पार्कच्या रिकाम्या मनोऱ्याचा ताबा घेतला आणि सुमारे दोन आठवडे ती आत बसून राहिली. नोव्हेंबरच्या अखेरीस विद्यापीठाने पहिल्या सत्राच्या भाड्यात शेकडा ३० सूट मान्य केली. आरंभी देऊ केली होती ती ह्याहून पुष्कळच कमी. ब्रिस्टलमध्ये हजाराहून अधिक मुलांनी ऑक्टोबरपासून हप्ता रोखला होता. तेथेही सूट मिळाली. जानेवारीपर्यंत हे लोण अनेक विद्यापीठांत पोचले, केंब्रिजलाही.

ह्या सर्व काळात सरकारचे उत्तर काय होते? फी कमी होणार नाही. ज्याची तक्रार असेल त्याने प्रथम आपल्या विद्यापीठाकडे अर्ज करावा; समाधान न झाल्यास स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे जावे. म्हणजे एकेकट्याने या, आपापला कागद घेऊन या. मालक नेहमी हेच म्हणतो: तुझी अडचण काय ती तू मला येऊन सांग, त्या युनियनवाल्याला मध्ये कशाला आणतोस? निवाडा कार्यालयाने काही मुलांना पैसे मिळवून दिले, हे नाकारता येत नाही. पण भाड्यातली मोठी सूट अर्जाने मिळाली नाही.

आपल्याकडे ह्याच प्रश्नावर एक सरकारी हुकूम निघाला होता, तो येथे आठवावा असे वाटते. २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने आदेश काढला की, भाड्याने राहणाऱ्या कामगारांकडून घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये, आणि कामगारांना वा विद्यार्थ्यांना घर सोडावयास लावणाऱ्या मालकावर कारवाई व्हावी. कामगार आणि विद्यार्थी एका वाक्यात! महाराष्ट्राच्या गृहनिर्माण खात्यानेही एप्रिलमध्ये, भाडेवसुली तीन महिने पुढे ढकलावी, असे घरमालकांना कळविले. हेतू उत्तम. पण खोलीवाल्याच्या दारात उभा राहून हा हुकूम वाचून दाखविणारा कोण? ज्या वस्तीत युनियनचा कार्यकर्ता होता तेथे त्या कागदाला अर्थ आला. नव्हता तेथे माणसे डोक्यावर गाठोडी घेऊन रस्त्याला लागली. इंग्लंडात उलटे झाले: कागद नव्हता, पण माणसे एकत्र आली. दोन्ही असते तर काय झाले असते, हे १९१५ च्या ग्लासगोने दाखविले आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलांना घरी जाण्यासाठी ठरावीक दिवस नेमून देण्यात आले, ३ ते ९ डिसेंबर. बहुतेकजण सामान खोलीतच ठेवून नाताळला गेली. ४ जानेवारी २०२१ ला पंतप्रधानांनी तिसरी टाळेबंदी जाहीर केली, आणि वैद्यकीसारखे काही अभ्यासक्रम सोडून इतरांनी विद्यापीठात परतू नये असे सांगण्यात आले. आता खोली मँचेस्टरात, मूल घरी, आणि दुसऱ्या हप्त्याची तारीख समोर. पुष्कळ विद्यापीठांनी आपल्या वसतिगृहांचे ह्या काळातले भाडे कमी केले किंवा सोडले. त्यांनी मागील सत्रापासून धडा घेतला होता. खासगी मालकांच्या इमारतींत मात्र जो तो आपल्या नशिबावर. काही कंपन्यांनी थोडी सूट दिली, काहींनी कराराकडे बोट दाखविले. सरकारने अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी डिसेंबरात २ कोटी पौंड दिले होते, फेब्रुवारीत आणखी ५ कोटी दिले. ते विद्यापीठांमार्फत वाटले जावयाचे होते, आणि त्यासाठीही मुलाने पुन्हा अर्ज करून आपली गरिबी सिद्ध करावयाची होती.

प्रयोगशाळा, कार्यशाळा असलेले विद्यार्थी ८ मार्चपासून परतू लागले. इतिहास, वाङ्मय, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना परवानगी मिळाली ती १७ मे २०२१ रोजी. तोवर पुष्कळ ठिकाणी वर्षाची व्याख्याने संपून गेली होती. खोलीचा करार अर्थात जूनपर्यंतचा होता.